उभ्या गाडीच्या पुढच्या काचेतली चीर रात्रीत वाढते कशी? आणि रेझिन भरून ती खरंच थांबते का?

लांबचा_प्रवासी

नमस्कार मंडळी. महिन्याभरापूर्वी हायवेवर एका ट्रकच्या मागे होतो, कुठून तरी खडा आला आणि काचेवर टक्क. पुढे थांबून बघितलं तर शेजारच्या सीटसमोर, जरा खालच्या बाजूला शर्टाच्या बटणाएवढी चांदणी उमटलेली, तिला तीन बारीक पाय. म्हटलं बघू सवडीने. पण एक बरं केलं, काचेच्या आतल्या बाजूने मार्करने प्रत्येक पायाच्या टोकाशी बारीक खूण करून ठेवली, म्हणजे वाढतंय का ते कळेल.

पहिला आठवडा काहीच नाही, जागचं हललं नाही. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस सलग पाऊस, गाडी घरीच उभी, चावीसुद्धा लावली नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर एक पाय खुणेच्या ४ मिमी पुढे! कोणी हात लावला नाही, खड्डा नाही, धक्का नाही. मग परवा पहाटे निघताना काचेवर वाफ धरली होती म्हणून गरम हवा फुल सोडली आणि डोळ्यादेखत तोच पाय सर्रकन पळाला. आता सगळी मिळून ७ सेंमी झालीये, काचेची कड तिथून अजून ९ सेंमी लांब आहे.

तर मला दोन गोष्टी मनापासून समजून घ्यायच्यात. एक म्हणजे गाडी उभी असताना या चिरेला ढकलतं कोण? आणि दुसरं, ते रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारा पारदर्शक द्रव, भरतात त्याने काच खरंच सांधते की नुसती चीर दिसेनाशी होते? मित्र म्हणतो घरचाच इन्स्टंट ग्लू सोड, एकच गोष्ट आहे. अजून काही केलेलं नाही, आधी इथे विचारतोय.

भेगा_आणि_धातू

तुम्ही खुणा करून ठेवल्यात हे वाचून फार बरं वाटलं, कारण तुम्ही जे पाहिलंत तो माझा शिकवायचा विषय आहे आणि दरवर्षी मुलांना हे पटवायला मला अर्धा तास लागतो. मी मटेरियल सायन्स शिकवते. जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

काच मुळात कमकुवत नाहीये. सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध बघितले तर काच स्टीलला लाजवेल इतकी मजबूत असायला हवी. पण प्रत्यक्षात ती तिच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या ताणालाही तडकते. का, याचं उत्तर १९२१ साली ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने दिलं. त्याने काचेचे बारीक बारीक तंतू ओढून तोडून बघितले, तंतू जितका बारीक आणि ताजा तितका जास्त मजबूत निघाला. म्हणजे दुबळेपणा काचेत नसतो, तिच्या पृष्ठभागावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांत असतो. त्याआधी १९१३ मध्ये इंग्लिस या ब्रिटिश इंजिनिअरने गणिताने दाखवलं होतं की सपाट पत्र्यात एखादं टोकदार छिद्र असेल तर सगळा ताण त्या टोकाशी गोळा होतो, आणि टोक जितकं अणकुचीदार तितका जास्त. धातूत काय होतं, टोकाशी धातू थोडा दबतो, पसरतो, टोक बोथट होतं आणि प्रकरण तिथेच मिटतं. काचेला हे जमत नाही. काचेतल्या भेगेचं टोक जवळजवळ अणूइतकं तीक्ष्णच राहतं.

आता तुमचा प्रश्न, उभ्या गाडीत ढकलतं कोण. काच कधीच निवांत नसते हो. तापवून वाकवताना आणि थंड करताना तिच्यात थोडे ताण कायमचे राहून जातात, वर ती चौकटीला चिकटवलेली, त्यात ऊन, सावली, रात्रीचा गारवा. हे सगळे ताण बारीक आहेत, धड काचेला काही करत नाहीत, पण भेगेच्या टोकाशी तेच अनेक पटींनी वाढून बसतात. तरीही एका झटक्यात तुटेल इतके नसतात. मग इथे येतं पाणी.

पाण्याचा रेणू इतका लहान असतो की तो भेगेच्या अगदी टोकापर्यंत जाऊन बसतो, आणि तिथे जो सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉनचा बंध आधीच ताणून धरलेला आहे त्याच्यावर रासायनिक क्रिया करून तो तोडतो. एक बंध तुटला की ताण पुढच्या बंधावर, तिथे पुढचा रेणू. एकेक टाका उसवावा तसं. वीडरहॉर्न या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६७ साली नेहमीच्या सोडा-लाइम काचेवरच याची मापं घेतली, ताण तेवढाच ठेवून हवेतली फक्त आर्द्रता वाढवली की भेगेचा वेग कित्येक पटींनी वाढतो. सेकंदाला एक मायक्रॉन, मिमीचा हजारावा भाग, म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण तासाला ते साडेतीन मिमीच्या वर जातं. तुमचे दोन दिवसांतले ४ मिमी यात सहज बसतात. पावसाचे दिवस होते, गाडी उभी होती, आणि पाणी भेगेत होतं. तुमच्या मार्करच्या खुणेने प्रयोगच झाला तो.

गरम हवेचं वेगळं. काच तापली की फुगते, दर अंशाला लाखात साधारण ०.९ भाग. एक मीटर काच १० अंशांनी तापली तर ०.०९ मिमी वाढेल, बस. पण एक भाग गरम आणि शेजारचा गार असेल तर गार भाग गरम भागाला फुगू देत नाही आणि स्वतः ताणला जातो, दर अंशाच्या फरकाला ढोबळमानाने ०.६ मेगापास्कल (हे ताणाचं माप). तुम्ही आतून गरम हवा सोडलीत, आतली काच तापली, मधला प्लास्टिकचा थर उष्णता लवकर पुढे जाऊ देत नाही, म्हणून बाहेरची काच गारच राहिली आणि ताणली गेली. खडा लागलेला कुठे? बाहेरच्याच काचेवर! म्हणजे नेमकी ती भेगच उघडली गेली.

आणि भेग लांब झाली की ती वाढायला ताण कमी पुरतो हे लक्षात घ्या. कागदावरचा हिशोब करून बघितला, ६ मिमीच्या भेगेला एकदम पळायला साधारण ८ मेगापास्कल लागतील, ७ सेंमीच्या भेगेला सव्वादोन. आतली काच आणि मधला थर तिला धरून ठेवतात म्हणून खऱ्या गाडीत थोडं जास्त लागेल, पण दिशा हीच. म्हणजे सुरुवातीला जिला दहा-पंधरा अंशांचा फरक चालला असता तिला आता तीन-चार अंशांचीही भीती. म्हणून थांबू नका.

काचेचा_माणूस

ताईंनी फार छान सांगितलंय, मी चौदा वर्षं हेच काम करतोय पण पाण्याचं असं टाके उसवण्यासारखं कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत की ओली चांदणी भरायची नाही, आधी सुकवायची.

दादा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. पुढची काच ही एक काच नसते, दोन असतात, प्रत्येकी दोन-सव्वादोन मिमीच्या आसपास आणि मध्ये पीव्हीबी नावाचा लवचिक थर, तो पाऊण मिमीचा. म्हणून ती फुटली तरी अंगावर कोसळत नाही, जाळीसारखी धरून राहते. खडा लागतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त बाहेरची काच जाते, थर आणि आतली काच धड असते, म्हणून तर भरता येते. आतून नख फिरवून बघा, नखाला काही लागलं तर आतलीही गेली, मग रिपेअरचा विषय संपला.

काम करताना आम्ही पहिल्यांदा खड्ड्यातला काचेचा भुगा सुईने काढतो, मग हलकी ऊब देऊन ओल काढतो, खूप तापवायचं नाही नाहीतर तीच चीर पळते. मग वर एक छोटं यंत्र बसवतो, त्याने आधी हवा ओढून घ्यायची आणि मग रेझिन दाबाने सोडायचं, परत ओढायचं, परत दाबायचं, असं बऱ्याच वेळा. कारण चिरेच्या टोकाकडे फट इतकी बारीक असते की तिथे हवा अडकली तर रेझिन जातच नाही. तुम्ही नुसतं वरून काहीही ओतलं तर ते तोंडाशी बसणार आणि टोक तसंच उघडं, जिथून वाढ होते तीच जागा रिकामी. हे एकच वाक्य ध्यानात ठेवा की आम्ही भरतो ते टोकासाठी, खड्ड्यासाठी नाही.

मग अल्ट्राव्हायोलेट दिवा, त्याने रेझिन घट्ट होतं. दिवा बाहेरूनच धरायचा, आतून धरून उपयोग नाही कारण मधला पीव्हीबी थर ते किरण जवळजवळ सगळे अडवतो. आणि वर पातळ पारदर्शक फिल्म ठेवायची कारण हवेतला ऑक्सिजन लागला की वरचा पापुद्रा चिकट राहतो, घट्ट होत नाही. भर उन्हातही काम करत नाही आम्ही, सूर्याच्या उजेडाने रेझिन आत जायच्या आधीच धरायला लागतं. सावली पाहिजे आणि काच हाताला ना गरम ना थंड.

दिसेनाशी का होते तेही सांगतो. चीर चमकते कारण तिच्यात हवा असते, काच आणि हवेत उजेड वेगवेगळा वाकतो आणि सीमेवरून परत येतो. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकतो त्याचं माप, १.५२ च्या आसपास, रेझिन त्याच्या जवळपासचंच निवडलेलं असतं, म्हणून उजेडाला सीमा कळत नाही आणि तो सरळ निघून जातो. दिसेनाशी होणं हा आमच्यासाठी पुरावा आहे की रेझिन तिथपर्यंत पोचलं. पूर्ण गायब होत नाही, पुसट डाग राहतो. कोणी शंभर टक्के नाहीशी करून देतो म्हणाला तर त्याच्याकडे जाऊ नका.

ताकद नव्यासारखी येते का, तर नाही. पण टोकाला पाणी पोचत नाही, आणि दोन्ही बाजू एकमेकींना धरतात म्हणून ताण टोकाशी गोळा होत नाही. वाढ थांबवणं हेच काम.

आणि कृपा करून तो इन्स्टंट ग्लू सोडू नका.

दूरचा_रस्ता

ग्लूचं मी केलंय म्हणून लिहितो, वाचून कोणाची तरी काच वाचेल. माझी चांदणी तुमच्यापेक्षा लहान होती. ग्लूचा थेंब सोडला, वरून पुसला, दोन दिवस छान दिसलं. तिसऱ्या दिवशी आतला ग्लू पांढरट झाला, एका आठवड्यात पाय परत चालू. मग दुरुस्तीला नेली तर त्यांनी सांगितलं की हा कडक झालेला ग्लू आता निघणार नाही आणि तोंड बुजल्यामुळे रेझिन आत जायला वाटच नाही. जी गोष्ट अर्ध्या तासात झाली असती तिच्यासाठी अख्खी काच बदलावी लागली. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं, चूक पूर्ण माझी.

चार_दरवाजे

मी वेगळं बोलतो. ७ सेंमी झालीये ना, बदलूनच टाका. पुढची काच म्हणजे नुसती वाऱ्यापासून आडोसा नाही, ती गाडीच्या सांगाड्याला ताकद देते, गाडी उलटली तर छप्पर दाबलं जाऊ नये म्हणून तिचा आधार असतो, आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना काचेवर आपटून मग माणसाकडे वळते. भेग असलेल्या काचेवर माणसाचा जीव ठेवायचा का? माझ्या घरातले लोक त्या सीटवर बसतात, मी नाही ठेवणार.

काचेचा_माणूस

तुमची काळजी शंभर टक्के बरोबर आहे आणि त्याच कारणासाठी मी उलट सांगतो. कारखान्यात काच चिकटवलेली असते ती पॉलियुरेथेन नावाच्या चिवट गोंदाने, पूर्ण कडेने एकसारखी. ती कापून काढायची, चौकट साफ करायची, नवीन पॉलियुरेथेन लावायचं, ते पूर्ण धरेपर्यंत गाडी हलवायची नाही. हे नीट झालं तर नवी काच उत्तमच, पण घाईत झालं, चौकटीवर गंजाचा ओरखडा राहिला, हात लागून तेल राहिलं, तर तुम्ही सांगितलेली एअरबॅग त्या काचेलाच बाहेर ढकलेल. भरण्यासारखी चीर असेल तर कारखान्याचा जोड तसाच ठेवणं मला जास्त सुरक्षित वाटतं. आणि ज्या गाड्यांत आरशामागे कॅमेरा असतो, लेन बघणारा, ब्रेक लावणारा, तिथे काच बदलली की कॅमेरा परत जुळवावा लागतो, तो थोडा जरी तिरका बसला तरी लांबचं अंतर चुकतं.

मी बदला कधी म्हणतो ते सांगतो. ड्रायव्हरच्या बरोबर नजरेसमोर असेल तर, कारण उरलेला पुसट डागसुद्धा रात्री समोरच्या दिव्यांत फाकतो. ब्रिटनमध्ये गाडीच्या तपासणीत स्टिअरिंगच्या समोरच्या २९० मिमी रुंदीच्या पट्ट्यात १० मिमीपेक्षा मोठं नुकसान चालत नाही, वायपर फिरतो त्या उरलेल्या भागात ४० मिमीपर्यंत चालतं. मी ते नजरेसमोरचं माप कामाला धरतो, सोयीचं आहे. दुसरं, आतली काच गेली असेल किंवा मधल्या थराला मार असेल तर. आणि तिसरं, चीर कडेला पोचली असेल तर.

भेगा_आणि_धातू

कडेचं कारण जोडते, कारण ते बाहेरून दिसत नाही. काच वाकवून थंड करताना कड आधी गार होते, त्यामुळे अगदी कडेवर दाब राहतो आणि त्याच्या आत काही सेंमीवर एक पट्टा ताणाचा राहतो. दाबाखाली भेग मिटलेली राहते, ताणाखाली उघडते. म्हणून कडेच्या आतल्या त्या पट्ट्यात लागलेला खडा सगळ्यात वाईट, आणि मधून आलेली भेग तिथे पोचली की पळायला लागते. तुमच्याकडे अजून ९ सेंमी आहेत, त्याचा उपयोग करून घ्या.

चार_दरवाजे यांच्याशी मी या एका बाबतीत आहे की भेग ज्या सीटसमोर आहे तिथे तुमचंच माणूस बसतं, त्यामुळे "बघू सवडीने" हे शब्द इथून पुढे नकोत. भरा किंवा बदला, पण या आठवड्यात.

सकाळची_पाळी

मध्येच विचारते, माझ्या गाडीच्या बाजूच्या दरवाजाच्या काचेला बारीक टवका उडालाय, तोही भरून मिळेल का?

भेगा_आणि_धातू

नाही हो, ती काच वेगळी. बाजूची काच बहुधा एकेरी असते आणि तापवून एकदम गार वाऱ्याने थंड केलेली, त्यामुळे बाहेरचा पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि आतला गाभा कायम ताणाखाली. बारीक टवका दाबाच्या थरातच असेल तर ती वर्षानुवर्षं तशीच राहू शकते, पण भेग गाभ्यात शिरली की साठवलेला सगळा ताण एकदम सुटतो आणि पूर्ण काचेचे बारीक दाणे होतात. भेग सेकंदाला जवळपास दीड किमीच्या वेगाने जाते, अर्धवट तडकलेली अशी अवस्थाच नसते, म्हणून भरायला काही उरत नाही. टवका खोल वाटत असेल तर बदला, दरवाजा आपटू नका तोवर.

लांबचा_प्रवासी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. भरून घ्यायचं ठरवलंय, परवाची वेळ मिळालीये. तोपर्यंत काय सांभाळू? आणि एक कुतूहल, एवढासा खडा इतकं करतो कसा?

काचेचा_माणूस

कोरड्या कापडाने वरचं पुसून स्वच्छ पारदर्शक चिकटपट्टी लावा, ओल आणि धूळ आत जाऊ नये म्हणून. गाडी धुवू नका, काच साफ करायचं लिक्विड अजिबात नको, साबण आत गेला तर रेझिन धरत नाही. गरम हवा किंवा एसीचा झोत काचेवर नको. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी तर कधीच नाही. सावलीत उभी करा, दार हळू लावा, काच बोटभर उघडी ठेवून लावलं तर आतला हवेचा दणका कमी बसतो.

भेगा_आणि_धातू

खड्याचं असं आहे की बऱ्याचदा तो तुमच्यावर आलेला नसतो, टायरने उडालेला हवेत असतो आणि तुम्ही त्याच्यावर जाऊन आदळता. ५ ग्रॅमचा खडा आणि ताशी १०० किमी धरले तर ऊर्जा जेमतेम २ जूल. ५० किमीला अर्धा जूल, वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. दोन जूल म्हणजे काही नाही, पण ते सगळं सुईच्या टोकाएवढ्या जागेवर उतरतं. गोल खडा असेल तर खाली शंकूच्या आकाराची भेग पडते, बाहेरून गोल डोळ्यासारखी दिसते ती. हर्ट्झने १८८० च्या दशकातच अशा शंकूचं वर्णन केलं होतं, त्याच नावाने ओळखतात. टोकदार खडा असेल तर तुमच्यासारखी चांदणी, आणि चांदणी जास्त वाईट, कारण तिच्या प्रत्येक पायाला स्वतःचं टोक असतं. ट्रकपासून अंतर वाढवा आणि खडीच्या रस्त्यावर वेग उतरवा, चौपटीचा हिशोब तिथे आपल्या बाजूने लागतो.

लांबचा_प्रवासी

झालं काम, बारा दिवस झाले म्हणून लिहितोय. त्यांनी लांब पायाच्या टोकाच्या जरा पुढे बारीक छिद्र पाडलं, चीर हळूच त्या छिद्रापर्यंत येऊ दिली आणि मग सगळं भरलं. विचारलं तर म्हणाले टोक गोल झालं की पुढे जात नाही. ताईंचं इंग्लिसवालं वाक्य तिथेच आठवलं! मार्करच्या खुणा तशाच आहेत, मध्ये चार दिवस झड होती, रोज सकाळी भिंग घेऊन बघितलं, कुठेच हललेलं नाही.

एक शंका राहिलीये. दोन छोट्या पायांपैकी एक तिरकं बघितलं की चांदीसारखा चमकतो, साधारण २ मिमी. बाकी सगळं पुसट झालंय, तेवढंच चमकतं.

काचेचा_माणूस

चमकतं म्हणजे तिथे हवा राहिली. कुठे चमकतं ते सांगा, खड्ड्याच्या जवळ की पायाच्या टोकाला? खड्ड्याजवळ असेल तर नुसतं दिसायला वाईट. टोकाला असेल तर तिथे रेझिन पोचलेलं नाही.

लांबचा_प्रवासी

टोकाला आहे. आत्ताच परत जाऊन बघितलं, अगदी टोकाला.

काचेचा_माणूस

मग परत न्या, आणि चिकटपट्टी लावून न्या. घट्ट झालेलं रेझिन निघत नाही पण त्या टोकाशी वेगळं बारीक छिद्र घेऊन तेवढंच भरता येतं. त्यांना बोट ठेवून दाखवा, चांगला कारागीर असेल तर स्वतःच म्हणेल ठेवा गाडी. नवीन खूण मात्र आजच करा.

लांबचा_प्रवासी

केली खूण. उद्या सकाळी पहिल्यांदा तिथेच जातो.